मग पकडलाच का?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय 38, आयटीत नोकरी. टेक्सासमध्ये सहा वर्षं काढून गेल्या वर्षी सहकुटुंब पुण्यात परतले. तिकडे शनिवारी पहाटे तळ्यावर बास मासा धरायला जायचे. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिलाही न्यायला लागले. दोन्ही हातांत बास धरून उभ्या असलेल्या लेकीचा फोटो अजून त्यांच्या फोनवर पहिला दिसतो. आता ती साडेपाच वर्षांची आहे. जानेवारीत एका रविवारी तिला साडेचारला उठवून ते पानशेतच्या बॅकवॉटरला घेऊन गेले. दोन तास काहीच लागलं नाही. ती पाण्यात खडे फेकायला लागली, हे ओरडले. शेवटी वीतभर चिलापी लागली. काटा ओठातून आरपार गेलेला, थोडं रक्त. मुलगी किंचाळली. ‘अगं, सोडून देणारच आहोत आपण’ असं त्यांनी समजावलं, तर तिने विचारलं, ‘मग पकडलाच का?’ घरी आल्यावर आजीने नातीची बाजू घेतली: ‘ताटात यायचा असेल तर आणा, मी करून घालते. खेळायला मासा म्हणजे काय चेंडू आहे?’ तेव्हापासून मुलगी ‘मला नाही यायचं’ म्हणते. भावाचं म्हणणं, मुलींना हे जमत नाही. वाचक विचारतात: तिला पुन्हा न्यावं का? तिच्यात संयम कसा आणावा? मी तिला क्रूरपणा तर शिकवत नाही ना? आणि नाही नेलं, तर ती फोनमध्येच डोकं घालून मोठी होईल का?

*

तुमच्या भावाचं आधी मिटवते, कारण त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. मासे निवडण्या-विकण्याच्या कामात तर बायकांचेच हात जास्त दिसतात. मंडईत जाऊन बघायला सांगा त्यांना.

आता संयम. हा शब्द तुमच्या पत्रात चार वेळा आलाय, मी मोजला. पण मला एक सांगा, पहाटे साडेचारला उठायचं हा नियम कुणाचा? तुमचा नाही, तुमच्या लेकीचा तर नाहीच. तो बासचा नियम आहे. बास हा दबा धरून बसणारा शिकारी. पाणगवतात, बुडालेल्या ओंडक्याआड थांबायचं आणि जवळून जाणारा लहान मासा भल्यामोठ्या तोंडात ओढून घ्यायचा, अशी त्याची रीत. झुंजूमुंजू उजेडात त्या लहान माशाला तो दिसत नाही, म्हणून पहाट त्याच्या सोयीची आणि त्याला धरणाऱ्याच्याही. आपल्या धरणांत बास नाहीच. (हॉटेलच्या मेन्यूवर ‘सी बास’ दिसतो तो बऱ्याचदा आपला खाडीतला जिताडा असतो, त्याचं आणि टेक्सासच्या तळ्यातल्या बासचं फक्त नावापुरतं नातं.) इथे तुम्हाला लागली चिलापी. ती शेवाळ, चिखलातलं बारीकसारीक, मिळेल ते खाते. चांगलं उजाडल्यावर, पाणी जरा कोमट झालं की चरायला लागते आणि गार पाण्यात सुस्तावते. म्हणजे जानेवारीच्या थंडीत, साडेपाच वर्षांच्या पोरीला अंथरुणातून उपसून तुम्ही अशा माशाच्या भेटीला नेलंत, जो स्वतःच अजून उठला नव्हता. वर बासला भुलवायचे रबरी किडे आणि चकाकणारे पत्रे त्याच्यासमोर नाचवलेत. (रबरी बेडूक असेल तर तेवढा जपून ठेवा. मरळ त्यावर झडप घालते. पण मरळ पुढच्या गोष्टी.)

अशा सकाळी दोन तास काही लागलं नाही यात नवल नाही. आणि ती पोरगी त्या दोन तासांत रडली नाही, गाडीत जाऊन बसली नाही, तिने खडे फेकले. याला मी तरी संयमच म्हणेन. पाच वर्षांच्या मुलाने पाण्याशी ओळख करून घ्यायची दुसरी रीत मला माहीत नाही. काठाजवळ पडलेल्या खड्याचा आवाज वेगळा, खोल पाण्यात पडलेल्याचा वेगळा. ती पाणी मोजत होती आणि तुम्ही तिला गप्प केलंत. ओरडलात हे तुम्ही पत्रात स्वतःहून लिहिलंय, म्हणजे ते तुम्हाला टोचतंय. मग तिलाही सांगून टाका, ‘मी त्या दिवशी ओरडलो ते चुकलं.’ एवढंच सांगा. पुढे ‘पण तूही’ जोडू नका.

फोनवरच्या त्या फोटोबद्दलही थोडं बोलू. ती सकाळ आठवते का, हे तिला कधी विचारलंत? माझा अंदाज, तिला फोटो आठवत असेल, सकाळ नाही. सकाळ तुम्हाला आठवते: थर्मासमधली कॉफी, धुकं, शनिवारची सुट्टी आणि परक्या देशात थोडा वेळ का होईना आपलंसं वाटणारं ते तळं. ती तुम्हाला परत हवीय. त्यात काही चूक नाही, सहा वर्षांची सवय आहे. पण ती मिळवायला तुम्ही एकटेही जाऊ शकता की! महिन्यातून एखादा रविवार घरात सांगून, अपराधी न वाटता जा. छंद हा वारसाहक्काने लेकराच्या नावावर करावाच लागतो असं थोडंच आहे.

आता मूळ गाठ. ‘मग पकडलाच का?’

या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे, संयमबिंयम नंतर सुचलंय. उत्तर नव्हतं, कारण ‘धरायचा आणि सोडायचा’ ही रीत तुम्ही तयार उचललीत. ती कुठून आली ते बघा. अमेरिकेत 1968 साली रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने बास धरणाऱ्यांची मोठी संघटना काढली. बक्षिसांच्या स्पर्धा सुरू झाल्या. एकेका स्पर्धेत ढिगाने मासे मरायला लागले, तेव्हा 1972 पासून त्याने स्पर्धेतला मासा जिवंत ठेवून परत पाण्यात सोडायचा आग्रह धरला. गळ फार आणि मासे मोजके, या अडचणीवरचा तो तोडगा होता, आणि चांगला होता. तुम्ही गेलात तोवर त्या तोडग्याचा धर्म झालेला होता. सोडणारा तो सज्जन, खाणारा तो अडाणी.

तुमच्या सासूबाई की आई, पत्रात नुसतं ‘आजी’ लिहिलंय, त्यांचा धर्म नेमका उलटा. खायचा असेल तरच धर. तुम्हाला तो जुनाट वाटला असेल. पण स्वित्झर्लंडमध्ये, सोडूनच द्यायचा या इराद्याने मासा धरायला कायद्याने मनाई आहे, आणि जर्मनीत सबळ कारणाशिवाय प्राण्याला इजा करायला प्राणीसंरक्षण कायद्याची आडकाठी आहे. नुसती हौस हे तिथे सबळ कारण धरत नाहीत. म्हणजे आजींच्या बाजूला दोन देश उभे आहेत, हे त्यांना जरूर सांगा. खूश होतील.

माशाला दुखतं का, हेही तुम्ही आडून विचारलंय. 2003 साली एडिंबरोजवळच्या संशोधकांना ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणणाऱ्या मज्जापेशी सापडल्या. ओठात झोंबणारं काही टोचलं की ते मासे खाणं टाकायचे, तळाच्या खड्यांवर ओठ घासायचे. त्याला आपल्यासारखं ‘दुखणं’ म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. तुमच्या लेकीने ते रक्त पाहून ठरवून टाकलंय. मी तिच्या बाजूने.

बासबद्दल एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत असेल. वसंतात नर बास शेपटीने तळ झाडून खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि पुढे अंड्यांची नि पिल्लांची राखण बाप करतो. त्या दिवसांत तो गळाला पटकन लागतो. भूक हे त्याचं कारण नसतं. घरट्यापाशी आलेलं काहीही हाकलायला तो तोंड मारतो, म्हणून लागतो. फोटो काढून त्याला सोडेपर्यंत दोन-चार मिनिटं जातात, आणि तेवढ्यात बाकीचे मासे घरट्यावर तुटून पडलेले असतात. हे तुम्हाला लाजवायला लिहीत नाही. सोडला म्हणजे काहीच झालं नाही, असं लेकीला सांगू नका एवढ्यासाठी लिहिते.

मग पानशेतच्या चिलापीचं काय? इथे गंमत आहे. चिलापी आपली नाहीच. 1952 साली ती बाहेरून भारतात आणली गेली, भराभर वाढली आणि तळ्यातळ्यांत पसरून तिथल्या मूळ माशांच्या वाट्याचं खाऊ लागली. तिला सोडून तुम्ही धरणावर काही उपकार करत नाही. उलट महसीर गळाला लागला तर तो सोडायलाच हवा. त्याची पिल्लं लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात वर्षानुवर्षं वाढवून पाण्यात सोडली जाताहेत, ती तुमच्या कढईसाठी नाहीत. तेव्हा सोडायचा की खायचा, हे दर वेळी समोरचा मासा बघून ठरवावं लागतं. बासवरचं उत्तर चिलापीला लावलंत, तिथेच तुमची लेक अडली.

मी सात वर्षांची असताना मामा मला भोरजवळ नीरेच्या काठी न्यायचा. डालड्याच्या डब्यात ओली माती आणि त्यात गांडुळं. एकदा तो काठी लावत असताना मी तो डबा गवतात पालथा केला. ती एकमेकांत गुंतून वळवळत होती, मला वाटलं घरी जायचंय त्यांना. मामा वळला, रिकामा डबा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बरं. मग आता जेवायला काय?’ फडक्यातली भाकरी काढली, तुकडा तोंडात घेऊन चावला, थुंकीनेच त्याची गोळी वळली आणि काट्याला लावली. त्या दिवशी दोन मासे लागले. मामीने रात्री तिखट-मीठ लावून तव्यावर टाकले. कशाला पकडले, असं विचारायचं मला सुचलंही नाही, कारण उत्तर तव्यावर होतं. मामाला ते सोपं होतं, तुम्हाला नाही. तुमच्या घरी फ्रीज आहे आणि खाली उतरलं की सुरमई मिळते. म्हणून तुम्हाला उत्तर शोधावं लागेल, मामाचं उसनं घेऊन चालणार नाही.

माझ्या मते तीन वाटा आहेत.

पहिली: काठी घरी ठेवून जायचं. आधी हीच करा, निदान दोनदा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरायला लागलं की उथळ काठाला ताटाएवढे गोल खड्डे दिसतील, काही पाण्यात, काही उघडे पडून वाळलेले. ती चिलापीची घरं. नर खड्डा खणतो, मादी त्यात अंडी घालून ती उचलून तोंडात धरते. पिल्लं तोंडातच निघतात, बाहेर आली तरी धोका दिसताच परत आईच्या तोंडात शिरतात. तोवर आई जवळपास उपाशी. हे वाळलेल्या खड्ड्यात तुमच्या मुलीला उभी करून सांगा. मग पुढे काय करायचं ते तीच ठरवेल. कदाचित म्हणेल, कधीच धरायची नाही. ते ऐकायची तयारी असेल तरच सांगा.

दुसरी: ताटासाठी धरायची. घरात मासे चालतात, आजी करून घालायला तयार आहेत, तर माझा कौल या वाटेला. पण मग हाव नको. दोन लागल्या की काठी गुंडाळायची. मासा हातात आला की लगेच डोक्यावर फटका देऊन मारायचा, पिशवीत तडफडत ठेवायचा नाही. हे तिच्या देखत करायचं की नाही ते तिला आधी विचारा. ‘नको’ म्हणाली तर तिला पाठ करून बसू द्या. साफ करताना मात्र आजींजवळ बसू द्या. पोटातला फुगा म्हणजे हवेची पिशवी बघितली की मुलं हमखास गप्प होतात. धरणाचंच पाणी असू द्या. पाषाण तलावावर पक्षी बघायला जरूर जा, पण तिथे सांडपाणी येतं, तो मासा ताटात नको.

तिसरी: तुमची जुनी, धरून सोडायची. ही मी वाईट ठरवत नाही, पण साडेपाच वर्षांच्या मुलीबरोबर तूर्त नको. आठ-नऊ वर्षांची होऊन स्वतः मागेल तेव्हा बघू. तोवर एकटे जाल तेव्हाही काट्याचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करून टाका, मासा ओल्या हाताने धरा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि शक्यतो पाण्यातच काटा सोडवा. फोटोला पाच सेकंद.

काठी कसली? तुमचा कार्बनचा रॉड आणि रीळ राहू द्या. बुरूड आळीतून हलकी बांबूची काठी आणा, काठीएवढंच लांब तंगूस, एक बारीक काटा, भेंडाचा किंवा बाटलीच्या बुचाचा तरंगा. रीळ नाही म्हणजे गुंता नाही, आणि मुलीला सगळं दिसतं: बूच हललं, बूच बुडालं. आमिषाला कणीक. ती तिने आणि आजींनी शनिवारी रात्री मळावी, पोळीपेक्षा घट्ट. शिशाची गोळी लागलीच तर तुम्ही लावा, तीही पकडीने. बरेच जण दाताने दाबतात. तिने ते बघितलं की तीही तोंडात घालणार. खाऊ काढण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने. मुलीच्या डोळ्यावर गॉगल, डोक्यावर टोपी, कारण फिरणारा काटा कुठे बसेल सांगता येत नाही. शिंगाळा लागला तर तिला हात लावू देऊ नका, त्याच्या परांचे काटे फार ठणकतात.

निघायचं सातला. साडेनऊला परत फिरायचं, मग काही लागो न लागो.

पाण्याबद्दल मी कडक आहे, आणि या सदराच्या इतर वाचकांनीही हे वाचावं. पानशेत, खडकवासला, पवना ही तळी नाहीत, बुडालेली खोरी आहेत. काठाला घोट्याएवढं पाणी आणि दोन पावलांवर जुना बांध संपून एकदम खोल, असं कुठेही असू शकतं. उतरलेल्या पाण्याच्या कडेला वरून वाळलेला दिसणारा गाळ आत लोण्यासारखा असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून लाइफ जॅकेट गाडीतून उतरतानाच घालायचं, पायांमधून पट्टा असलेलं. दंडातले फुगे चालणार नाहीत. एक मोठं माणूस काठीसाठी, दुसरं फक्त मुलीसाठी. दुसरं माणूस नसेल तर काठी गाडीतून काढायचीच नाही. धरणाच्या भिंतीजवळ आणि खालच्या नदीपात्रात अजिबात नाही, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये ढग भरून आले तर वळीव यायची वाट बघू नका. कार्बनचा रॉड हातात घेऊन मोकळ्या माळावर उभं राहणं म्हणजे विजेला निमंत्रण.

आणि विचारून बसा. आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तुमची ती रविवारची मजा असते आणि हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं लावणाऱ्याची ती रोजी असते. गावात चौकशी करा, त्यांच्या जाळ्यापासून लांब बसा. तुटलेलं तंगूस वीतभर असलं तरी खिशात घालून परत आणा. बगळ्यांच्या पायात अडकलं की पाय कापतं. पहिला पाऊस पडला की गळ बंद. तेव्हा मासे अंड्यांवर असतात, वलगणीला, म्हणजे नव्या पाण्यात अंडी घालायला, वर चढतात. ते ओढ्याच्या काठी उभं राहून नुसतं बघा.

फोनची भीती राहिली. मासेमारी हे फोनवरचं औषध म्हणून पाजू नका, मुलांना औषध लगेच ओळखू येतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच द्या, जेवताना, आजींसमोर. ‘तू विचारलंस ते बरोबर होतं. मला उत्तर सुचलं नाही. मी विचार करतोय.’ ती काहीच म्हणाली नाही तरी चालेल. आणि परत कधी गेलात तर खडे फेकू द्या. चिलापी बिचकून लांब जाते खरी, पण कणकेचा चुरा टाकून थोडं थांबलात की परत येते.